एकशेचाळीस सुपाऱ्या

दुकानदाराच्या तोंडी 'नाही' शोभत नाही, हे मी अप्पांकडून शिकले. साखर संपली तरी वाणी 'संपली' म्हणत नाही, 'उद्या येतीय' म्हणतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. अप्पांचं कॅसेटचं दुकान अंबाजोगाईच्या बसस्थानकाजवळ होतं. कपाळाला भस्म, खांद्यावर पंचा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला भांडण चाललंय असं वाटावं. तो काळ असा होता की एसटीडीच्या बूथात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि जो तो 'आता सगळं कॉम्प्युटरवर' म्हणत होता. अप्पांनाही मागे राहायचं नव्हतं. त्यांनी एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर घेतला आणि तो चालवायला मला ठेवलं. माझ्या हातात नुकताच डिप्लोमा पडला होता. मी रोज घाटनांदूरहून यायचे आणि अप्पा मला 'विंजिनेर बाई' म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हते, पण त्यांची चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

काम असं होतं. दुकानातल्या कॅसेट टेपच्या मशीनवर लावून त्यांतली गाणी शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, प्रत्येक कॅसेटचं कव्हर स्कॅन करायचं, आणि पडद्यावर कव्हरांच्या रांगा लावायच्या. कव्हरवर क्लिक केलं की गाणं वाजलं पाहिजे. तो प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला फार गर्व होता. काचेच्या शोकेसमधली कव्हरं उन्हानं विटली होती. लाल रंग आधी उडतो. त्यामुळे देव, नट, नट्या सगळे एकजात निळे झाले होते. पण निळी का होईना, त्यांना चित्रं होती.

अडचण आली ती अप्पांच्या स्वतःच्या कॅसेटची. कपिलधारच्या यात्रेला ते दर वर्षी सेलवर चालणारा टेप घेऊन जात आणि गावोगावच्या भजनी मंडळांची भजनं भरून आणत. अशा एकशेचाळीस कॅसेट होत्या. कुणालाच कव्हर नव्हतं. नुसता कोरा कागद चिकटवलेला आणि त्यावर बॉलपेननं नंबर. अप्पांना मात्र प्रत्येकीत कोण गातंय ते पाठ होतं.

मी त्यांच्या जागी करडा चौकोन टाकला आणि आत लिहिलं, 'चित्र उपलब्ध नाही'. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"न्हाई कावून ल्हिलंय?"

"अप्पा, चित्र नाहीये ना."

"गानं हाय की. गिऱ्हाईक आल्या आल्या त्येला न्हाई म्हनायचं? दुकान मांडलंय का टिंगल?"

मी धुसफुसत ते शब्द काढले आणि प्रश्नचिन्ह टाकलं.

"आन् ह्ये काय? आपल्याला ठावं न्हाई व्हय कुनाचं हाय त्ये?"

माझा राग नाकावर असतो. त्या दिवशी मी डबाही खाल्ला नाही. घरी जाताना मला आमचे काका आठवले. काकू बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मध्येच घरात पूजा निघाली, की काका कंबरेला सुपारी खोचून पाटावर बसायचे. ती सुपारी म्हणजे काकू. आम्ही पोरं तिला वाकून नमस्कार करायचो आणि फिदीफिदी हसायचो. मला वाटलं, सापडलं. जे माणूस समोर नाही त्याच्या जागी आपल्याकडे काय ठेवतात ते ठरलेलंच आहे. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर मी एक सुपारी काढली, तिला छान सावली दिली आणि एकशेचाळीस ठिकाणी लावली. अप्पा खूश झाले. "आता कसं," म्हणाले.

खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. भजनांच्या मागे सतत खर्र आवाज यायचा. टेप खराब आहे असं समजून मी चार दिवस तो काढायची खटपट केली. शेवटी अप्पांनी सांगितलं की तो कपिलधारचा धबधबा आहे. पाणी काही मला काढता आलं नाही. मग मी निदान सुरुवातीचा कचरा काढायचं ठरवलं. प्रत्येक कॅसेटच्या आरंभी खोकणं, टाळ जुळवणं, 'आरं सरक की' असलं काहीबाही होतं. पहिला टाळ वाजेपर्यंतचं सगळं मी कापून टाकलं. आणि मग अप्पांना म्हटलं, भजनं कॉम्प्युटरमध्ये आली, आता या कॅसेट कशाला अडवून ठेवायच्या? पुसून मोकळ्या करू, गिऱ्हाइकांना दुसरं काही भरून द्यायला होतील. अप्पांनी बराच वेळ पंच्यानं मान पुसली. "तुमाला कळतंय त्यातलं," म्हणाले.

कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दबत नाही, म्हणजे आतलं कुणाला पुसता येत नाही. बऱ्याच कॅसेटचे ते तुकडे मोडलेले होते. त्यावरही उपाय असतो, त्या भोकावर सेलोटेप चिकटवायची. मी भराभर टेपा चिकटवत गेले, जुने नंबर खरवडून पांढरे कागद लावत गेले. पन्नासएक कॅसेट मोकळ्या झाल्या. एक तेवढी जमेना. तिचा तुकडाच नव्हे, अख्खा कोपरा उडालेला होता आणि सेलोटेप तिथे धरत नव्हती. ज्यानं तो मोडला त्याला मनातल्या मनात चार शिव्या घालून मी ती टेबलाखाली वायरींच्या खोक्यात टाकून दिली.

त्यानंतर काही दिवसांनी अप्पा माल आणायला लातूरला गेले होते आणि दुकानात मी एकटीच होते. एक म्हातारी आली. ती दर महिन्याला सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या घ्यायला येते आणि गाडीची वेळ होईपर्यंत दुकानात बसते, एवढं मला अप्पांकडून ठाऊक होतं. मी तिला मशीनजवळची खुर्ची दिली. ती नको म्हणाली आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

"पोरी, माजी कॅसेट लाव."

"कुठली, मावशी?"

"ती कोपरा मोडकी. तितं आसती." तिनं शोकेसकडे बोट केलं. तिथला कप्पा रिकामा होता.

मी ऐटीत म्हटलं, आता सगळं यात आहे, आणि पडदा तिच्याकडे वळवला. ती उठून आली. सुपाऱ्यांच्या रांगांवरून तिनं नजर फिरवली, खालपर्यंत, परत वरपर्यंत.

"ह्यातली माजी कंची?"

तिला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी काय उपयोग होता? काकांची सुपारी एका काकूंच्या जागी होती. मी एकच सुपारी एकशेचाळीस जणांच्या जागी बसवली होती.

मग मी एकेक भजन लावत गेले. ती 'ही न्हाई' म्हणत गेली. खूप वेळानं एकावर ती थांबली. "ह्ये. झील धरतंय त्यो माजा मालक." तिचा नवरा मंडळात मागून सूर धरायचा. तो जाऊन काही वर्षं झाली होती. मला हायसं वाटलं. पण तिचा चेहरा तसाच राहिला.

"सुरवातीचं कुटं हाय?"

"कसली सुरुवात, मावशी?"

"भजनाच्या आदी. तितं त्ये माज्याशी बोलत्यात. एवढंच हाय त्येंचं बोलल्यालं. बाकी समदं गानंच."

ते मी कापलं होतं. आता ते असलं तर कॅसेटमध्येच. मी मोकळ्या केलेल्या कॅसेटचं खोकं तिच्यापुढे ठेवलं. सगळ्या सारख्या, पांढऱ्या कागदाच्या. तिनं त्या हातात घेऊन एकेक बघितल्या.

"ह्यात न्हाई. ह्येंचे समद्यांचे कोपरे धड हायत."

तेव्हा मला टेबलाखालचं खोकं आठवलं. वायरींच्या गुंत्यातून मी ती कॅसेट काढली. तिनं पदरानं धूळ पुसली आणि मान डोलावली. मी ती मशीनमध्ये घातली आणि नेमकी लाईट गेली. भारनियमन. दुकानातल्या टेपमध्ये सेल नव्हते.

तासभर आम्ही बसून राहिलो. तेव्हा तिनं सांगितलं की ही कॅसेट भरून आल्यावर नवरा याच दुकानात आला होता. यावर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून त्यानं खिशातल्या अडकित्त्यानं तो तुकडा मोडायला घेतला, आणि तुकड्याबरोबर कोपराच गेला. घरी टेप नव्हता, म्हणून कॅसेट अप्पांकडेच ठेवली. ती बोलत होती आणि मी मशीनच्या रेकॉर्डच्या बटणाकडे बघत होते. कारण मला आठवत होतं, सेलोटेप लावून मी एकदा बटण दाबून बघितलं होतं. ते क्षणभर दबलं होतं का? दबलं असेल तर पहिली पुसली गेली असणार ती सुरुवातच. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

लाईट आली. ती परत दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. मी बटण दाबलं. पहिली काही सेकंदं काहीच नव्हतं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मग पाण्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, आणि एक पुरुषाचा आवाज जवळून म्हणाला, "आगं ए, तितं नगं बसू, पानी उडतंय. हिकडं ये."

ती उठली, मशीनजवळच्या खुर्चीवर येऊन बसली. टाळ सुरू झाला.

"बंद कर आता," ती म्हणाली. "म्होरलं मला येतंय समदं."

मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगून टाकलं, कापल्याचं, पुसल्याचं, बटण दाबल्याचं, शिव्या दिल्याचंसुद्धा. ती गालातल्या गालात हसली. "त्येनला ठावं आसंल, यील एकांदं शानं. म्हनून तर मोडला." एवढंच. एका शब्दानं ती मला लागेल असं बोलली नाही. याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

अप्पा आल्यावर त्यांनाही सांगितलं. त्यांनी पांढऱ्या कागदाच्या कॅसेट हातात घेतल्या, उलटसुलट केल्या, परत ठेवल्या. "या बाकीच्यांच्या सुरुवाती?" मी विचारलं. कुणी काही मागितलं आणि अप्पांनी 'नाही' असं उत्तर दिलं, हे त्या दुकानात मी एकदाच ऐकलं. "त्या आता न्हाईत," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी मला काढलं असतं तर ते बरोबरच ठरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरलेल्या कॅसेटचा ढीग घेऊन स्कॅनरपाशी उभे होते. "ह्या अशाच टाका ह्येच्यावर. हायत तशा." मग आम्ही उघड्या कॅसेटच स्कॅन केल्या, त्यांच्या डागांसकट, नंबरांसकट, चरांसकट. ज्या मी पुसून बसले होते त्यांच्यासाठी अप्पा डोळे मिटून आठवत, आणि मी काढत असे. एकीच्या जुन्या कागदावर शाई सांडलेली, एकीच्या कागदाला हळदीचं बोट लागलेलं, एकीचा कुणा लेकरानं दातांनी फाडलेला. दोन आठवडे लागले. पडद्यावर सुपारी एकही उरली नाही. मी आज पुण्यात हेच काम करते. मोठ्या पगारावर, मोठ्या लोकांत. चित्र नसलेल्या जागी काय दाखवायचं यावर बैठका होतात, आणि मी तिथे जे काही शहाणपणाचं बोलते ते त्या दोन आठवड्यांतलं असतं. अप्पांना हे मी एकदा सांगितलं. "पगार मला धाडा मग," म्हणाले.

म्हातारी पुढेही दर महिन्याला येत राहिली. पडद्यावर मोडक्या कोपऱ्याची कॅसेट दिसली की त्यावर बोट ठेवायची. कापलेली सुरुवात मी तिथे परत जोडली होती. मशीनजवळची खुर्ची मी मोकळीच ठेवायचे, पण तिला बस म्हणणं सोडून दिलं होतं. बोट ठेवून झालं की ती वळायची आणि हळूहळू चालत दाराकडे जायची. ती तिथल्या स्टुलावर बसेपर्यंत मी बटण दाबत नसे.