लादी न घातलेला कोपरा

मावशीचं घर गेल्या मे महिन्यात पाडलं. ते संगमेश्वरच्या अलीकडे, मुंबई–गोवा रस्त्याच्या कडेला होतं आणि रुंदीकरणात गेलं. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी मागच्या पडवीचा एक कोपरा आम्ही हाताने खणला. खणणारे दोघे: मावसभाऊ आणि मी.

त्या घरात सगळीकडे लादी होती, तेवढा कोपरा सोडून. तिथे व्हाईन होती, म्हणजे भात कांडायचं, जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. तिच्यात कांडणं कधीच बंद झालं होतं. लादी घालायला आलेल्या गवंड्याने ती काढू का म्हणून विचारलं, तेव्हा मावशी नको म्हणाली. व्हाईनीभोवतीची जमीन ती सणासुदीला सारवायची. घरात गुरं राहिली नव्हती, म्हणून शेण शेजाऱ्यांकडून आणायची. जुन्या वस्तूंचा सोस, असं सगळे म्हणत. मीही तेच समजत होतो.

मी रत्नागिरीत वर्तमानपत्रात काम करतो. अपघात, पाण्याचे टँकर, जयगडच्या बंदरावरच्या बैठका, हेच रोजचं. घर पाडायच्या थोडं आधी रविवारच्या पुरवणीसाठी देशावरच्या एका प्राचीन वस्तीच्या उत्खननावर लेख लिहिला. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं. मेलेली लहान मुलं तिथले लोक राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. वर पुन्हा जमीन चोपून सारवायची आणि तिथेच राहायचं. लेखात हे एका परिच्छेदात होतं.

मावशीला आता नीट दिसत नाही. मावसभावाने तो लेख तिला वाचून दाखवला. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा सामानाची बांधाबांध चालू होती. चहा देताना तिने विचारलं,

"त्या पोरांना काढून कुठं ठेवलनी?"

"पेट्यांत. चिठ्ठ्या लावून."

"आयशीला विचारलनी?"

"आयशीला मरून तीन हजार वर्षं झाली, मावशी."

"मग त्यांचं ठीक हाय. मी अजून जिती हाय."

मग तिने सांगितलं. तिचा पहिला मुलगा दात यायच्या आत गेला. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. तिच्या सासूने त्याला मडक्यात घालून व्हाईनीच्या बाजूला पुरलं. घरातच ठेवलं की तो त्याच आईच्या पोटी परत येतो, असं सासू म्हणाली होती. व्हाईन कुणी हलवत नाही, म्हणून जागाही सुरक्षित. आता मशीन सगळं उचलून डंपरात घालणार आणि ती माती कुठल्या तरी भरावात जाणार. त्याआधी त्याला काढायचं होतं.

मावसभाऊ त्याच्यानंतरचा. तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. म्हणाला, "आजी मला 'परत आलेला' म्हणायची. मला वाटायचं, मुंबईसून आलो म्हणून."

घर रिकामं करण्यात आमचे आधीचे दिवस गेले होते. खणायला घेतलं तेव्हा हात दुखत होते आणि ऊन पडवीत शिरलं होतं. पहारीने व्हाईन हलवली. खाली जांभ्याची खडी लागली. मग कोयती घेतली, शेवटी करवंटीने माती काढली. मावशी स्टुलावर बसली होती, मांडीवर नवं मडकं आणि धुतलेलं पांढरं फडकं. शेजारचा माणूस आपल्या घराची कौलं उतरवत होता. तिथून ओरडला,

"काय रे, सोनं गावलं काय?"

"व्हाईन काढतोय," मावसभाऊ म्हणाला.

मडकं गुडघाभर खोलीवर लागलं. उभी भेग गेलेलं. तोंडावर झाकण म्हणून मातीचं परळ होतं, ते शाबूत. आत गळ्यापर्यंत माती. मावशीने ती चाळायला लावली. मावसभावाने आधी बोटांनी पाहिली, मग पिठाच्या चाळणीतून काढली. हाड नव्हतं.

"परत बघ."

त्याने परत बघितलं. नव्हतं.

देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत हाडं टिकतात. आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत ती विरघळून जातात. लेखाची माहिती घेताना हे कळलं होतं. मी मावशीला ते सांगितलं.

"विरघळलं म्हणजे मातीतच हाय नं?"

"हो."

"मग माती भर."

"आये, मी परत आलो म्हणतेस," मावसभाऊ म्हणाला, "मग खाली कोण असणार?"

"तू गप. भर."

त्याने जुन्या मडक्यातली सगळी माती नव्या मडक्यात भरली. चाळणीत राहिलेले खडेही घातले. मावशीने परळ धुतलं नाही, तसंच वर ठेवलं आणि फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर पडलं. ती बघायला आली नाही.

नवं घर मागच्या चढावर बांधलं. दिवाळीनंतर ती माणसं राहायला गेली. घरात सगळीकडे लादी आहे. मागच्या पडवीत व्हाईन पुरली आहे आणि तिच्याभोवतीची जमीन मातीची आहे. शेण अजून शेजाऱ्यांकडूनच येतं, असं मावसभावाने परवा फोनवर सांगितलं. ते आता तो आणतो.