घराण्यातला अशक्तपणा

पद्मजा माझी शेजारीण. आमच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे तिच्याकडे पोळ्या कधी सुरू होतात हे मला पाठ आहे. श्यामसुंदरराव ताटावर बसले की सुरू होतात. हे तिचे यजमान, निवृत्त प्राध्यापक. स्त्री-पुरुष समानतेवर फार छान बोलतात. त्यांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. मुलगा आमोद, त्यालाही लागते, कारण तो हिंजवडीहून दमून येतो. सून अस्मिता हडपसरच्या कंपनीतून येते. ती बहुधा ताजीतवानी होऊन येत असावी, कारण आल्या आल्या ती ओट्याशी उभी राहते.

एक लाटते, दुसरी भाजून वाढते. पुरुषमंडळी उठली की मग दोघी बसतात. तोवर पालेभाजीच्या कढईचा तळ दिसायला लागलेला असतो. राहतं ते ताक, चटणी आणि गार पोळी. "मला काय, काहीही चालतं," असं पद्मजा इतकी वर्षं म्हणत आलीये की घरच्यांना ती तिची आवडच वाटते.

तिला धाप लागते, चक्कर येते. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून ती दुसऱ्यांच्या कुंड्या निरखते. श्यामसुंदररावांचं म्हणणं, आमच्या घराण्यात बायकांना अशक्तपणा असतोच. आजीला होता, आईला होता. घारे डोळे असावेत तशा कौतुकानं ते हे सांगतात.

लग्नाआधी अस्मिताचं रक्त उत्तम होतं. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठवर आलं. डॉक्टरांकडे माझ्याच गाडीतून गेलो, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असंच राहिलं तर बाळाची वाढ नीट होणार नाही आणि बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल. घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, असं त्यांनी विचारताच श्यामसुंदररावांनी आजी, आई, पत्नी अशी वंशावळच मांडली.

"पण काका, या सगळ्या सुना," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं एकमेकींशी रक्ताचं नातं कुठे आहे?"

"आमच्याकडे सुनेला लेकीसारखंच मानतात," ते दुखावल्या स्वरात म्हणाले.

मला हसू आलं नाही, संताप आला. पद्मजा मात्र घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

अस्मिताला गोळ्या सोसेनात, सारखं मळमळायचं. मग आहारावर भर द्यायचं ठरलं आणि श्यामसुंदररावांनी ते फारच मनावर घेतलं. स्वतः बोहरी आळीत जाऊन त्यांनी लोखंडी कढई आणली. रोज पालक, मेथी, चवळी. लोखंडी कढईतल्या भाजीची चव काही औरच, यावर बापलेकांचं एकमत झालं आणि कढई पूर्वीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली. महिन्याभरात दोघांची दृष्ट काढावी अशी तब्येत झाली. अस्मिताचं रक्त होतं तिथेच. आता बाहेरून रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. घराण्याचंच आहे, त्याला कोण काय करणार, असं म्हणून श्यामसुंदररावांनी सुस्कारा सोडला.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. पद्मजानं पोळ्या केल्या, गॅस बंद केला आणि दोन ताटं घेतली. भरपूर भाजी वाढून अस्मिताला बसवलं, स्वतःही बसली. श्यामसुंदरराव हात धुऊन आले आणि खुर्चीमागे उभेच राहिले.

"आधी आम्ही जेवतोय. तुम्ही नंतर बसा."

"आणि गरम पोळी?"

"गारही चालते. मी खाऊन पाहिलीये."

अस्मिता खाली मान घालून भराभर जेवत होती. पद्मजाचा हात दीड पोळीनंतर थांबला. आणखी घ्यायची तिची फार इच्छा होती, समोर वाफाळती पोळी होती, पण घास जाईना. वर्षानुवर्षं जेवढं उरायचं तेवढंच आता तिच्या पोटात मावत होतं. मग आपल्या ताटातली भाजी तिनं अस्मिताच्या ताटात सरकवली.

"तुला अजून भूक लागते," ती म्हणाली. "लागतेय तोवर खाऊन घे."