टेलरकाकूंची लिली

शेजारच्या टेलरकाकूंकडे माप द्यायला गेलं की आधी परसात डोकवावं लागे. मशीन रिकामं, टेप गळ्यात आणि काकू लिलीच्या वाफ्यात ओणव्या. "थांब गं, हिची कळी रंगावर आलीय," एवढंच ऐकू यायचं. सबंध गल्लीचे कपडे त्यांनी शिवले, पण आज डोळ्यांपुढे येतात त्या अशाच, पाठमोऱ्या.

अकरा कंदांचा तो वाफा वीस वर्षांत भिंतीपासून नळापर्यंत पसरला होता. कंद एकदा लावले की दरवर्षी तिथूनच उगवतात. फक्त त्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही, असं काकूंचं म्हणणं. घास म्हणजे पानं. फुलाबरोबर सगळी पानं कापून नेली की खालचा कंद उपाशी राहतो, आणि पुढच्या वर्षी फूल विसरायचं. म्हणून त्या दांडा वरून वीतभरच कापत. बाकीचा पानांसकट उभा, पार पिवळा पडून वाळेपर्यंत. ते वाळके खुंट पाहून आमचे हे म्हणायचे, "काकू, बाग आहे की झाडूचं दुकान?"

"आणा तुमची पँट, आखूडच करते आता," काकू म्हणायच्या.

कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचं दुखणं वेगळंच. त्याला हातभर दांडे हवे असत.

"काकू, एवढंसं फूल उंच फुलदाणीत बुडून जातं. त्याला काय स्टुलावर उभं करू?"

"कर. फुलं देतेय तुला, बांबू नव्हे."

अशी दर हंगामात जुंपायची, आणि तरी तो बादली घेऊन हजर.

एका वर्षी मात्र ऐन बहरात तो सकाळी सकाळी माझ्या दारात उभा. दोन्ही हातांत लिली, कोपरापर्यंत लांब दांड्यांची.

"वहिनी, काकू बऱ्या आहेत ना? ही माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून गेल्या. बघा, मुळापासून कापलीत."

इतकी वर्षं भांडून हवे तसे दांडे मिळाले, आणि माणूस रडवेला झाला होता.

आम्ही दोघं तसेच काकूंकडे गेलो. त्या मशीनला तेल देत होत्या. मागे वाफा सपाट.

"मालक घर पाडतोय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "महिनाअखेरीला लेकाकडे जायचंय, चौथ्या मजल्यावर. इथे गाड्या लागणार आहेत. मग पानं ठेवू कुणासाठी?"

"अहो, मला सांगायचं तरी! भिंतीपलीकडे माझं परस रिकामं पडलंय."

काकूंनी तेलाची कुपी खाली ठेवली. उठून वाफ्यापाशी गेल्या.

"सुचलंच नाही गं मला. आणि मी तर सगळी कापून बसले."

वीस वर्षांत न केलेली चूक त्यांच्या हातून एका सकाळी झाली होती. त्या दुपारी फुलवाल्याने दुकान बंद ठेवलं. तिघांनी मिळून मातीसकट कंद काढले आणि माझ्या परसात लावले. जगतील का, ते काकूंनाही सांगता येईना.

त्या गेल्यावर दर रविवारी फोन यायचा. पहिल्या वर्षी बोटाएवढे कोंब आले, काही कंद कुजले. हे मी फोनवर सांगितलं.

"खत घालू का?"

"नको. पाणी साचू देऊ नकोस. त्यांना नुसतं राहू दे."

दुसऱ्या वर्षी गुडघाभर पानं, कळी एकही नाही. फुलवाला येता-जाता भिंतीवरून डोकावून जायचा.

तिसऱ्या वर्षी तीन दांड्यांवर कळ्या धरल्या. मी रविवारची वाट पाहिली नाही, फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला.

"नीट बघितलंस ना? पानांचा गुच्छ नव्हे?"

"कळ्याच आहेत, काकू. एकीला रंगही चढतोय."

दुसऱ्या दिवशी दोन बसा बदलून त्या आल्या. चहालाही थांबल्या नाहीत, थेट परसात. मी कात्री पुढे केली.

"यंदा राहू द्या, काकू," भिंतीपलीकडून फुलवाला म्हणाला.

"मला शिकवतोस?" काकू म्हणाल्या, पण कात्री त्यांनी घेतली नाही. खुर्ची ओढून त्या कळीसमोर बसल्या. ती उद्या उमलेल असं दिसत होतं. संध्याकाळची बस त्यांनी मुद्दाम चुकवली.