दुसऱ्याच्या हातची तंबाखू

सुनेनं सासूला अंदमान दाखवायला न्यायचं, हे मी आमच्या लोणीच्या आसपास कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळं तिकिटं काढल्याचं कळलं तेव्हा आनंद बाजूलाच राहिला, आधी मनात पाल चुकचुकली.

"मलाच का? ह्यांना का न्हाई?" मी विचारलं.

"आत्या, तुमी दोघं निघालात तर मेंढरं कोण बघणार?" सून म्हणाली. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात.

मेंढरं! तिथंच तर खरी गोम होती. आमची बावीस मेंढरं आहेत. सासऱ्यांच्या काळात मोठा कळप होता, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा. माझ्या लग्नाआधीच ते बंद झालं, जमीन कसायला लागलो आणि मेंढरं उरली दावणीपुरती. पण ती उरलीच. माझा एकुलता पोरगा चाकणला कंपनीत आहे. घरी आला की त्याचं एकच पालुपद. "आई, इका आता ती. तुमी दोघं मिळून कुणाच्या लग्नाला तरी गेलाय का कधी?" खोटं नव्हतं ते. एक गेला की दुसऱ्यानं घरी थांबायचं, असाच आमचा संसार झाला. पण म्हणून विकायची? मी जिती असेपर्यंत नाही, असं मी तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर महिनाभरात हे अंदमान निघालं.

मी मालकांकडं बघितलं. मालक म्हणजे माझा नवरा. ते तळहातावर तंबाखू मळत बसले होते. "जा की," एवढंच बोलले. मला 'जा' म्हणणारा माणूस नव्हे हा. माहेरी दोन दिवस राहिले तर तिसऱ्या दिवशी माघारी न्यायला दारात उभा राहणारा! सगळे मिळाले होते एकमेकांना. म्हातारीला समुद्रापलीकडं नेऊन टाकायचं आणि इकडं दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा करायचा. मीही म्हटलं, बघतेच. निघायच्या सकाळी एकेका मेंढीचं तोंड नीट बघून घेतलं. मेंढरं आम्ही आकड्यानं मोजत नाही, तोंडानं मोजतो. माझ्या लाडक्या एडक्याला भाकरी चारली आणि गाडीत बसले.

विमानाचं काही सांगत नाही, डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर हॅवलॉक बेटाची बोट धरायला उभे होतो. मी पोराला म्हटलं, "घरी व्हिडिओ लाव." लागला. पण फोन मालकांच्या हातात नव्हता, शेजारचे भाऊ धरून उभे होते.

"तुमी का धरला हाय, भाऊ?"

"दादांचा चष्मा घरात ऱ्हायलाय, वैनी."

फोन धरायला चष्मा कशाला लागतो? बरं, ते सोडा. मागं जाळीच्या कुंपणात मेंढरं उभी होती. सकाळचे नऊ वाजून गेलेले, आणि मेंढरं कुंपणात! ज्वारी निघालेली, रानं मोकळी पडलेली, अशा दिवसांत कुणी मेंढरं डांबून ठेवतं का? मी भराभर तोंडं मोजली. बावीस. तेवढ्यात टेम्पोचा आवाज आला.

"टेम्पो कसला त्यो?"

"घास आणलाय," मालक लांबूनच म्हणाले. "इकत."

विकतचा घास! सगळं रान फुकट चरायला पडलेलं असताना विकतचा घास कधी घालतात? गिऱ्हाईक ठरलं की. चार दिवस बसवून खाऊ घालायचं, म्हणजे जनावर भरलेलं दिसतं. मी काही बोलणार, तेवढ्यात बोटीची रांग सुटली आणि पोरानं फोन खिशात घातला.

बोट म्हणजे मला वाटलं होतं, वारा लागेल, पाणी दिसेल. ही आपली चारी बाजूंनी बंद, गारठा करून ठेवलेली, काचा उघडायची सोय नाही. बसायच्या आधीच प्रत्येकाच्या हातात उलटीची पिशवी. आता ज्याला आपल्या बोटीचा भरवसा आहे, तो आधीच पिशव्या वाटेल का? वर एक पोरगी पुढं उभी राहून, बुडालो तर जॅकेट कसं घालायचं, ते हसत हसत दाखवत होती. मी सुनेला म्हटलं, "ही हसती का?" सून म्हणाली, "आत्या, तिचं कामच हाय ते." कामच असेल, पण बुडायच्या गोष्टीला हसायचं काम मी पहिल्यांदा बघितलं.

धक्का सुटला आणि रेंज गेली. दोन तास रेंज नाही! म्हणजे इकडं मी काचेच्या डब्यात बंद आणि तिकडं काय वाट्टेल ते होऊ द्या. पोरगा आणि सून पलीकडं कुजबुजत होते. मी बघितलं की गप्प. मी न राहवून पोराचं मनगट धरलं.

"खरं सांग. व्यापारी कवा येणार हाय?"

"कसला व्यापारी?" म्हणाला आणि पांढराफटक पडला. पण तेवढ्यात बोट एका लाटेवर चढून खाली आली आणि त्यानं पिशवी तोंडाला लावली. त्यामुळं चेहरा चोरीनं उतरला की लाटेनं, ते काही कळलं नाही. पाठ मात्र मी चोळली. पोटचं पोर आहे, करता काय.

आता एक कबूल करते. त्या बेटावर उतरले आणि दुपारी त्या किनाऱ्यावर उभी राहिले, तेव्हा घटकाभर सगळं विसरले. वाळू कशी, तर चाळलेल्या ज्वारीच्या पिठासारखी. झाडं पार पाण्यापर्यंत आलेली. आणि पाणी! आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पाटाचं. हे हिरवं, मग निळं, मग त्याच्याही पलीकडं गडद निळं, आणि पायाखालचा खडान् खडा दिसणारं. लुगड्याचा काठ वर खोचून मी गुडघाभर पाण्यात गेले. एक पिवळा मासा माझ्या पैंजणाशी येऊन थांबला. हलला नाही, मीही हलले नाही. सुनेनं शहाळं आणून दिलं, तेही पाण्यात उभं राहूनच प्यायले. लई सुख वाटलं बाई, खोटं कशाला बोलू. आणि सुख वाटल्याबरोबर परत पाल चुकचुकली, की हे असंच वाटावं म्हणूनच तर आणलंय मला. "लाव फोन," मी पाण्यातूनच ओरडले.

पुन्हा फोन भाऊंच्याच हातात. मेंढरं पुन्हा कुंपणातच, दुपारचीही. मालक दगडावर बसलेले, आणि त्या भर उन्हात उजव्या खांद्यावरून घोंगडं घेतलेलं.

"उन्हाचं घोंगडं कशाला?"

"गारवा हाय जरा."

"आन् मेंढरं कुणाला इकली ते सांगा आता. लपवू नका."

"कुणी इकली? येडी का खुळी तू?" मालक हसले. हसताना डावा हात पुढं केला. भाऊंचा दुसरा हात कडेनं आला आणि त्या तळव्यावर मळलेली तंबाखू ठेवली. मालकांनी ती मुकाट्यानं तोंडात टाकली.

माझ्या हातातलं शहाळं पाण्यात पडलं. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातची तंबाखू खाल्लेली नाही. सख्ख्या भावानं मळून दिली तरी, चुना जास्त घालतात लोक, म्हणून परत करायचा. तंबाखू मळायला दोन हात लागतात. व्हिडिओ लावायलाही एका हातात फोन आणि दुसऱ्याचं बोट लागतं, मेंढरामागं काठी घेऊन फिरायलाही धड हात लागतोच. सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं.

"अहो," मी म्हटलं, "उजवा हात वर करा."

"रेंज जातीया," मालक म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी पाण्यातून पोराकडं वळले. तो वाळूवर मान खाली घालून उभा होता. मग बोलला. आम्ही गेलो त्याच संध्याकाळी मालक वाकून पाणी पाजत होते, आणि माझ्या त्या लाडक्या एडक्यानं मागून धडक दिली. मनगट मोडलं. भाऊंनी मंचरला नेऊन प्लास्टर घालून आणलं. आणि मालकांनी सगळ्यांना शपथा घातल्या. "तिला कळलं तर ती बोटीतनं उडी मारून माघारी यील. एवढ्या वर्षांत पयल्यांदा बाहेर पडलीया. सांगितलं तर बघा."

मी किनाऱ्यावर बसून रडले. रागानं रडले, आधी सांगते. पोराला शिव्या घातल्या, सुनेला घातल्या, एडक्याला घातल्या. ह्या बाबावर मी व्यापाऱ्याचा संशय घेत होते! मग पोराला पुन्हा फोन लावायला लावला.

पलीकडं मालक बोलणी खायची तयारी करून बसलेले दिसले.

"लई दुखतंय का?"

"न्हाई." मग म्हणाले, "समुद्र दाखव की मला."

मी फोन पाण्याकडं धरला. लई वेळ धरला, हात भरून आला तरी. पलीकडून नुसता मेंढरांचा आवाज येत होता.

घरी आले तेव्हा तोंडं मोजली, बावीस भरली. एडक्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग भाकरी दिली. मालक ओट्यावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसून तंबाखू मळली, बेतानं चुना लावून, आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"चुना जास्त झालाय," म्हणाले. पण खाल्ली.

"हात बरा झाला की पोराबरोबर तुमी जायचं," मी म्हटलं. "त्या बेटावर. बोट लागती, पण लई झ्याक हाय. मेंढरं मी बघते."

मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मला एवढ्या लांब का धाडतीस गं? मेंढरं इकायची हायत का तुला?"