वळणावरची माती

तेरणा आमच्या गावाशी मोठं वळण घेते. बाहेरच्या काठावर कस्तुराबाईंचं दोन एकर रान आहे. समोर आतल्या काठावर, जरा खालच्या अंगाला, माझे धाकटे दीर अमरसिंह यांची जमीन. नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. शाळेत मी हे फळ्यावरच्या आकृतीत शिकले होते. कस्तुराबाईंनी ते सोसलं.

बालाघाटाच्या डोंगरातून निघून मांजरेला मिळेपर्यंत ही नदी उन्हाळ्यात नुसते डोह धरून असते. तरी काठाचा ऊस, विहिरी, गुरं सगळं तिच्याच जिवावर. गेल्या भाद्रपदात मात्र ती शेतांवरून गेली. पाणी ओसरलं तेव्हा कस्तुराबाईंच्या रानात मुरूम उघडा पडला होता. आणि अमरसिंहांचं उभं सोयाबीन गुडघाभर काळ्या गाळाखाली गाडलं गेलं होतं.

"चल उमरग्याला," कस्तुराबाईंचे पती धोंडीबा म्हणाले. मुलगा तिथे ट्रक चालवतो. "दगडात काय पेरतीस?"

कस्तुराबाई तडक नदी ओलांडून अमरसिंहांच्या बांधावर आल्या. मी तिथेच उभी होते.

"मालक, माजी माती तुमच्या रानात आलीया. म्या न्यायला येनार."

अमरसिंह आधीच पिकापायी वैतागलेले. "मातीवर काय नाव असतंय व्हय, कस्तुराबाई? वरच्या धा गावांची आहे ती."

"मग धा गावांनी यावं की. म्या माज्यापुरती नेते."

गडी हसले. अमरसिंह हसले नाहीत. "नदीनं टाकलं ते रानवाल्याचं. तुमच्या सासऱ्यानंबी नदीच्या पात्रातल्या गाळात पेर केलीया, तवा कुणी मागाय आलं न्हाय. आता मी त्यात हरभरा पेरणार."

"पेरा. निघाला की येते."

घरी मी अमरसिंहांना म्हटलं, "दिली तर आपलं काय उणं होतंय?"

"वैनी, आज तिला दिली तर उद्या अख्खं शिवार पाट्या घेऊन येईल. आन् खाली माझी माती हाय, तीबी जाईल."

फाल्गुनात हरभरा निघाला. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई एकट्याच खोरं-पाटी घेऊन आल्या आणि कडेला खणू लागल्या. अमरसिंह तरातरा थांबवायला गेले, मीही मागोमाग. त्या वाकून हातानं माती बाजूला सारत होत्या. खड्ड्याच्या तळाशी आडवं झोपलेलं, कुजून काळं पडलेलं सोयाबीन दिसत होतं.

"हितनं खाली तुमची," त्या म्हणाल्या, आणि खोरं उचलून शेजारी नवी जागा धरली.

अमरसिंह त्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ते काळं सोयाबीन बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "पाटीनं किती नेताल? माझी बैलगाडी न्या. पर सोयाबीन दिसलं की थांबायचं."

"थांबले की आता."

दहा गावांतून कुणी आलं नाही. चैत्र-वैशाखभर नदीच्या कोरड्या पात्रातून गाडी जात राहिली. धोंडीबा गाडी हाकत, पण कुरकुरतच. माती अर्ध्या एकराला कशीबशी पुरली.

पसरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "नदीकडंला टाकू. पान्याची मोटार हाय तिथं."

"पुन्यांदा तिच्या तोंडात द्याय?" कस्तुराबाईंनी गाडी वरच्या बांधाकडे वळवायला लावली.

"आन् खालचं रान?"

"तिला ऱ्हाऊ द्या."

दीड एकर त्यांनी तसंच सोडलं. सगळं आयुष्य जिथे खुरपलं, तिथे आता बाभळी उगवल्या आहेत. वरच्या तुकड्यात मृगावर उडीद पेरला. धोंडीबांनी मुलाला निरोप धाडला की पेरणी आटोपल्यावर येतो. पेरणी झाली, खुरपणीही झाली. ते अजून इथेच आहेत.