देवाजीभाऊंचा धान, तीन सॉफ्टवेअर आणि भिंतीवरची रिकामी काच

देवाजीभाऊंचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच फोटोकडे बघत बसले होते. सहा महिने तेच करत होते म्हणा.

"ताई, फोटोचं कसं झालं? फ्रेम आनून भिंतीवर लटकवली ना. लोक इचारून राह्यले, नुसती काच काऊन लावली म्हून."

देवाजीभाऊ मुलचेऱ्याजवळचे धानाचे शेतकरी. गेल्या पावसाळ्यात तिकडे फिरताना मी त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, कलाबाईंचा, धानाच्या बांधावर फोटो काढला होता. "आठवड्यात पाठवते," असं छातीठोकपणे सांगूनही आले होते. पण मी पडले रॉमध्ये फोटो काढणारी. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने दिलेले कच्चे तांदूळ. भात करायला सॉफ्टवेअर लागतं. माझ्याकडे तीन कुकर होते: एक फुकटचं, एक महिन्याच्या भाड्याचं आणि एक एकरकमी पैसे भरून घ्यायचं. तिन्हींत तोच फोटो तीन तऱ्हांचा दिसायचा. आधी सर्वांत चांगलं कोणतं ते ठरवू, मग फोटो पाठवू, असं म्हणता म्हणता जानेवारी उजाडला.

"रविवारी पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले," देवाजीभाऊ म्हणाले. "तवा फ्रेम भरून पाह्यजे ना ताई. नाई तं काढून टाकतो."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी सहज बोलले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी पहाटे आम्ही नागपूर सोडलं. गाडी चालवायला नवरा, विलास. माझ्या मांडीवर लॅपटॉप.

"एक निवडून कुरिअर करायचा होता," विलास म्हणाला.

"निवडायचंच तर आहे. वाटेत चाचण्या घेते."

त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

वरोऱ्यापर्यंत रस्ता झकास. चंद्रपूरच्या अलीकडे आम्ही घुग्घुसकडे वळलो. लोक चंद्रपूरला वाघासाठी येतात, मी धुळीसाठी आले होते. फोटोतले रंग जागेवर आणायचे तर सॉफ्टवेअरमध्ये फोटोतल्या करड्या वस्तूवर टिचकी मारायची असते, आणि घुग्घुसला करडी वस्तू शोधावी लागत नाही. कोळशाची काळी धूळ, सिमेंटची पांढरी, दोन्ही मिळून झाडं, टपऱ्या, ट्रक, सगळं एका रंगाचं. मी रस्त्याकडेला कॅमेरा लावला तेव्हा पाळी संपवून निघालेला एक कामगार मोटरसायकल थांबवून बघायला लागला.

"मॅडम, कायचा फोटो काढून राह्यल्या? इथी तं काईच नाई."

"धुळीचा."

"मंग इतक्या दूर काऊन आल्या? पत्ता द्याचा होता, पार्सल केली असती."

पहिल्या चाचणीचा निकाल: तिन्ही सॉफ्टवेअरनी घुग्घुस हुबेहूब सारखं दाखवलं. तिथे चुकायला वावच नव्हता. जाणाऱ्यांसाठी एक सूचना, लेन्स गाडीबाहेर बदलू नका. मी बदलली, आणि पुढचे दोन दिवस माझ्या प्रत्येक फोटोतल्या आभाळात धुळीचे तीन डाग होते.

मागे फिरून चंद्रपूर, बल्लारपूर करत दुपारी राजुऱ्याला पोचलो. लॉज साधा पण स्वच्छ, हजाराच्या आत. खाली तर्री-पोहे. वेगाची चाचणी मी तिथेच उरकली: तेच चाळीस फोटो, तोच लॅपटॉप. एकरकमीवाल्याने चहा यायच्या आत काम संपवलं. भाड्याच्याला एक चहा लागला. फुकटच्याला दोन चहा, एक प्लेट भजी आणि विलासची झोप. शिवाय लॅपटॉप इतका तापला की थंडीत मी त्यावर हात शेकले. सावलीतला बारीक तपशील मात्र फुकटच्यानेच सगळ्यांत स्वच्छ काढला. आली का पंचाईत!

शनिवारी सकाळी शकीलभाईंच्या स्टुडिओत गेलो. बापाच्या काळापासून लग्नाचे अल्बम करणारा हा माणूस. मी त्यांना तिन्ही फाइली दाखवल्या आणि पाऊण तास रंगांवर व्याख्यान दिलं. त्यांनी ते एका दुल्ह्याचे पिंपल्स पुसता पुसता ऐकून घेतलं.

"बाई, देखो," ते शेवटी म्हणाले, "मी तं एकच बटन दाबतो. गिऱ्हाईकाले आपलं तोंड दिसलं का बस. तुमचं सॉफ्टवेअर कोन पाहून राह्यलं?"

"पण यातला बरोबर रंग कोणता?"

"ते मले काऊन पुसता? मी थोडीच होतो तिथी."

त्यांचं बरोबरच होतं. निर्णय न झाल्यामुळे मी तिन्ही छापून घेतले आणि पाठीमागे पेन्सिलीने एक, दोन, तीन लिहिलं.

कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. पेट्रोल भरून घ्या आणि घरी फोन करायचा तो अलीकडेच करून घ्या. पुढे दोन्ही बाजूंना सागवान, रस्ता मध्येच गुळगुळीत, मध्येच आठवणीपुरता. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली वस्तीची गावं आहेत. तिथल्या छोट्या हॉटेलात आम्ही मासा-भात आणि वर रसगुल्ला हाणला. त्या तासाभरात विलास पहिल्यांदाच म्हणाला की ही सहल चांगली चालली आहे.

देवाजीभाऊंच्या शेतात आता नुसती खुंटं होती. घर मात्र शेणाने सारवून तयार, आणि दारासमोरच्याच भिंतीवर ती रिकामी फ्रेम. काच पुसून लख्ख केलेली, मागे पुठ्ठा. नजर चोरायला जागाच नव्हती.

मी तिन्ही फोटो बाजेवर मांडले. दोघांचे चेहरे कसे आलेत ते बघतील म्हणून मी वाट बघत होते. देवाजीभाऊंनी पहिला उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हा धान माह्या नाई."

"अहो, तुमचाच आहे!"

"नाई जी. पिवळा पडला, याले युरिया कमी देल्ला. पाहुने म्हनतीन, ज्याले धान पोसता नाई आला त्यानं पोरगी काय पोसली असन?"

दुसरा उचलला. "हा तं काळा हिरवा झाला. युरिया पाजला याले. तुडतुडे येतीन."

मग ते आत गेले आणि प्लास्टिकची एक पट्टी घेऊन आले. तिच्यावर हिरव्याच्या पायऱ्या छापलेल्या, फिक्यापासून गडद. कृषी सहायकाने मीटिंगमध्ये दिलेली. धानाचं पान तिच्यावर धरायचं आणि खत द्यायचं की नाही ते ठरवायचं. देवाजीभाऊंनी ती माझ्या तिसऱ्या फोटोतल्या धानावर धरली, डोळे बारीक केले, उजेडाकडे वळले.

"तुमी आल्या त्याच्या चार दिवस आंधी मी डोस मारला होता. याच पट्टीवर पान होतं. हा पाहा, हाच. हा माह्या धान होय."

"पन माह्यं तोंड लय काळं दिसते याच्यात," कलाबाई डोकावून म्हणाल्या.

"तोंड तं तुह्यं उद्या पाहुने समोरच पाहातीन," देवाजीभाऊ म्हणाले. "धान कुठून दाखवू मी जानेवारीत?"

कलाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फ्रेमचा पुठ्ठा विलासलाच धरावा लागला. तिसरा फोटो काचेमागे बसला.

तीन नंबर म्हणजे फुकटचं, दोन चहावालं. घुग्घुसची धूळ, चाळीस फोटोंची शर्यत, रात्रंदिवसाची डोकेफोड, आणि ज्याने तो रंग रोज पाहिला होता त्याला एकदाही विचारलं नाही.

"म्हणजे तुझी चाचणी सहा महिन्यांपूर्वीच त्यांच्या घरात तयार होती," विलास परतताना म्हणाला. मी रेडिओचा आवाज वाढवला.

सोमवारी घरी फोन आला.

"पाहुने फोटोपुढं उभे राह्यले आन पयले इचारलं, वाण कोनता होय?"

"मग?"

"मंग काय, जमलं! लग्नाले या. कॅमेरा आना. पन ताई, एक सांगू? आता फोटो काढला का आंधी देजा, मंग घरी नेऊन पाहात बसजा."

फोन ठेवून मी जुन्या सहलींचे फोल्डर उघडले आणि "पाठवते" असं ज्यांना सांगून आले होते त्यांची नावं लिहून काढली. एकोणीस निघाली. त्यातल्या किती जणांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे, मला माहीत नाही.