काचेवरचं दहिवर

गाडीवरचा बर्फ कसा काढावा, हे मला कुवेतमध्ये राहून तोंडपाठ झालं होतं. वायपर आदल्या दिवशीच उभे करून ठेवायचे. आधी टप साफ करायचा, मग काचा, मग दिवे. समोरच्या काचेला नुसतं डोळ्यापुरतं भोक पाडून निघायचं नाही. तसे निघणारे लोक मूर्ख असतात आणि लवकर मरतात. हे ज्ञान मला एका गृहस्थांनी दिलं, तेही भर जुलैमध्ये, सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीखाली बसून, आमचंच श्रीखंड खात.

हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. माझा नवरा ज्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये होता, तिथेच ते इंजिनियर म्हणून आले. त्याआधी काही वर्षं कॅनडात होते. तिथून इकडे का आले, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. "कंपनीने फारच आग्रह केला," असं ते म्हणायचे. आम्ही पाठीमागे त्यांना कॅनडावाले म्हणायचो आणि समोर असले की गप्प बसून ऐकायचो. कुवेतचे रस्ते, कुवेतचं दूध, कुवेतमधले ड्रायव्हर, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असायचं, "आमच्याकडे तिकडे असं नाही." तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आले की डिकीतून बर्फ खरवडायची पट्टी काढून दाखवायचे. निळं प्लास्टिक, एका बाजूला ब्रश, मुठीला लोकरीचं विणलेलं वेष्टण. वाळवंटात राहणारा माणूस ही वस्तू गाडीत घेऊन फिरतो, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पुरुषमंडळी तर ती हातात घेऊन उलटसुलट करून बघायची.

त्यांची बायको अशा वेळी स्वयंपाकघरात आमच्यात असायची. कमी बोलायची. बाहेरून नवऱ्याचा आवाज चढला की कांदा जरा जोरात चिरायची, एवढंच.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. माझ्या नवऱ्याच्या कुवेती साहेबांचा उत्तरेकडे वाळवंटात हिवाळी तंबू असायचा. थंडी पडली की तिथली कुटुंबं महिनोन्महिने असे तंबू ठोकतात. जनरेटर, गालिचे, चहाच्या किटल्या, सगळा संसार तिकडे नेतात. साहेबांनी एका गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला तो आम्हाला वापरायला दिला. आम्ही दोघं आणि कॅनडावाल्यांचं कुटुंब, असे निघालो. मी इस्पितळात लॅबमध्ये कामाला होते आणि शुक्रवारी दुपारी माझी ड्यूटी होती, म्हणून मी माझी गाडी वेगळी घेतली. मळलेली वाट सोडून चाक खाली घालायचं नाही, हे साहेबांनी दोनदा बजावलं होतं. युद्धातले सुरुंग अजून सापडत होते. कॅनडावाल्यांनी त्यावरही सांगितलं, की तिकडे बर्फाखाली रस्ता दिसतच नाही, तरी ते चालवायचे.

शुक्रवारी सकाळी मी तंबूबाहेर आले आणि पाहते तर दोन्ही गाड्या पांढऱ्या. हात लावला, दहिवर गोठलं होतं. मी नाशिककडची. निफाडला द्राक्षाच्या पानांवर असं दहिवर मी लहानपणापासून पाहिलेलं. ऊन आलं की जातं. ऊन वर येतच होतं, माझी ड्यूटी दुपारची होती, तंबूत पोहे शिजत होते. कुणी काहीही करायची गरज नव्हती.

पण कॅनडावाल्यांनी गाड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला पुढचं सगळं कळलं.

"वहिनी, हात लावू नका!" ते ओरडले. "हे मी बघतो."

"थोडं ऊन येऊ द्या ना भाऊ," मी म्हटलं. "आपोआप जाईल."

"आपोआप काही जात नाही. लोकांची हीच तर चूक होते." माझा नवरा डोक्याला मफलर गुंडाळून उभा होता. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, "एक किटली आण. गरम पाण्याची."

आणि माझा नवरा, दोन पदव्या घेतलेला माणूस, किटली आणायला गेला.

तंबूच्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "अहो, गरम पाणी नका टाकू."

"तू पोहे बघ."

"काच जाईल."

"पोहे बघ, म्हटलं ना!"

त्यांनी स्वतःच्या गाडीवर आधी प्रयोग केला असता, तर निदान त्यांच्या अडाणीपणाला प्रामाणिक म्हटलं असतं. ते सरळ माझ्या गाडीपाशी गेले. माझ्या काचेला मागच्या महिन्यात हायवेवर खडी उडून लागली होती, वाटाण्याएवढी खूण होती. त्यांनी बाही दंडापर्यंत सारली, मुलांना "लुक, चिल्ड्रेन," म्हणून हाक मारली आणि वाफाळती किटली काचेवर ओतली.

कट्ट, असा आवाज झाला. खडीच्या खुणेपासून एक रेघ निघाली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत वाकडी होत काचेच्या पार टोकापर्यंत गेली. त्यांची मुलगी म्हणाली, "डॅड, यू ब्रोक इट."

त्यांनी किटली खाली ठेवली. वाकून रेघ पाहिली. मला वाटलं, आता माफी मागतील.

"आधीचीच होती," ते म्हणाले. "गल्फची काच. क्वालिटीच नाही."

"आधी वाटाण्याएवढी होती," मी म्हटलं. "ती आता हातभर तुम्ही केलीत."

"जाऊ दे," माझा नवरा पुटपुटला. आमच्या घरात या दोन शब्दांवर सगळा संसार चालला होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तंबूत गेला.

तेवढ्यात त्यांची बायको बाहेर आली. पदराला हात पुसले, नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात हात घालून किल्ली काढली. ते काही बोलेपर्यंत तिने त्यांच्या गाडीचं इंजिन सुरू केलं होतं आणि गरम हवा काचेवर सोडली होती. डिकीतून ती निळी पट्टी घेतली. लोकरीचं वेष्टण तिच्या मुठीत असं बसलं, की ते कुणी विणलं हे विचारायलाच नको. वरून खाली, लांब लांब ओढत तिने काच खरवडली; पांढरा भुगा तिच्या बाहीवर उडत होता. मग बाजूच्या काचा. मग वाकून दिवे. तोंडातून वाफ येत होती, साडीचा काठ वाळूत लोळत होता, तिला त्याची फिकीर नव्हती. आम्ही सगळे बघत राहिलो. कॅनडावाले पलीकडे उभे राहून म्हणाले, "वायपरखालचं राहिलं." तिने ते आधीच काढलं होतं.

"ताई, तुमची गाडी इथेच असू द्या," ती मला म्हणाली. "तुम्हाला ड्यूटीला मी सोडते."

"तुम्ही? गाडी चालवता?"

"इथलं लायसन्स आल्या आल्याच करून घेतलंय. किल्ली तेवढी मिळत नव्हती."

मी तिच्या शेजारी बसले. मागे मुलं आणि त्यांच्यामध्ये कॅनडावाले, गुडघे छातीशी घेऊन. पोहे तंबूत राहिले ते राहिलेच. माझा नवरा तंबू आवरून माझी गाडी सावकाश आणायला मागे थांबला होता, तो ते खात बसला असणार. ती मळलेल्या वाटेवरून हलक्या हाताने गाडी काढत होती. मागून सूचना चालू होत्या. "हळू." "डावीकडे वाळू मऊ आहे." "गिअर बदल." डांबरी रस्त्याला लागल्यावर ती आरशात न बघता म्हणाली, "अहो, एक विचारू? तिकडे तुम्ही कधी खाली उतरला होता का बर्फ काढायला?"

मागे कॅनडावाल्यांनी गुडघे आणखी जवळ ओढले.

"माझी पाठ..." ते म्हणाले.

"हो, पाठ." मग मला म्हणाली, "धाकटीच्या वेळी मला आठवा महिना होता. मी खाली उतरून खरवडायचे, हे आत हीटर लावून बसायचे आणि उशीर झाला की हॉर्न वाजवायचे."

सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही. मला मात्र मागे वळून त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हाताशी टिश्यूचा डबा होता. मी तो मांडीवर धरून बसले. सालमियाच्या वळणावर येईपर्यंत मागून एकही सूचना आली नाही.

माझी काच मी अर्दियाच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतली. कॅनडावाल्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. ती मात्र त्या दिवसानंतर किल्लीसाठी थांबली नाही. महिन्याभरात एका भारतीय शाळेत गणित शिकवायला लागली, जुनी गाडी घेतली आणि अब्बासियातल्या दोन शिक्षिकांना रोज बरोबर न्यायला लागली. आमच्याकडे यायची ती एकटी, आणि स्वयंपाकघरात न जाता हॉलमध्ये बसायची. मी तिला हसताना प्रथम तेव्हा पाहिलं. हसली की तिच्या शेजारी बसलेलं माणूसही हसू लागायचं, इतकं ते हसणं मोठं होतं.

कॅनडावाल्यांचं म्हणाल तर त्यांच्यात काही फरक पडला नाही. पुढच्या संक्रांतीला मंडळात तिळगूळ वाटताना मी त्यांना एका नव्या आलेल्या जोडप्याला सांगताना ऐकलं, की वाळवंटात गाड्या गोठल्या होत्या, बायका घाबरल्या होत्या, आणि मग त्यांनी सगळ्यांना सुखरूप घरी आणलं. जोडप्यातला मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. माझा नवरा शेजारीच उभा होता. मान डोलावत होता.

मी त्या जोडप्यातल्या मुलीला बाजूला घेतलं आणि तिला ड्रायव्हिंग येतं का, ते विचारलं.